आईचे हिरवे ठिपके

युगांडात, एंटेबीच्या लॅबमध्ये मी काचा धुवायचे तेव्हाची गोष्ट. खोटी वाटली तर हसा.

तिथे संशोधन करणाऱ्या नाकिमुलीच्या वारलेल्या आईच्या पेशी एकाच ताटलीत जिवंत उरल्या होत्या. आईचं दुखणं पिढीजात आहे का, ते बघायला त्या मारून काचेवर थिजवायच्या होत्या. दोष असला तर हिरवा ठिपका चमकणार.

औषध ओतण्याआधी नाकिमुली गुडघ्यांवर बसली, आमच्याकडे मुली मोठ्यांशी बोलताना बसतात तशी. "बरी आहेस ना, आई?"

"पेशींना काय विचारतेस गं?" मी म्हटलं. ती मला जाजा, म्हणजे आजी, म्हणायची.

"मग आईशी उभ्याने बोलू, जाजा?"

तिने ओतलं.

दुसऱ्या दिवशी भिंगाखाली प्रत्येक पेशीत ठिपका होता. रडू लपवायला ती खिडकीशी गेली.

मी भिंगातच बघत होते. मेलेल्या पेशींतले सगळे ठिपके हळूहळू खिडकीकडे सरकले.