नऊ फूट

"अहो, अजून मागे सरका," ती पलंगावरून म्हणाली. "नऊ फुटांच्या आतलं त्या लेन्सला दिसत नाही."

माझी बायको पक्ष्यांचे फोटो काढायची. कॅमेऱ्याच्याच कंपनीची लांब पल्ल्याची लेन्स परवडेना, म्हणून दुसऱ्या कंपनीची स्वस्तातली घेतली, तीही जुनी छोटी लेन्स बदल्यात देऊन. त्यामुळे आजारपणात ती पहिल्यांदाच "आता माझा एक काढा" म्हणाली, तेव्हा घरात ही एकच लेन्स होती.

मी भिंतीला टेकलो, तरी ती धूसरच दिसत होती. शेवटी दाराबाहेर जिन्यापाशी जाऊन उभा राहिलो.

"मला खंड्या समजा," ती हसून म्हणाली. "श्वास रोखून धरा, मगच बटण दाबा."

मी श्वास रोखला. तेवढ्यात तिने हात पुढे केला. मला वाटलं, कॅमेरा मागतेय. मी आधी बटण दाबलं, मग आत गेलो. तिला श्वास घेता येत नव्हता.

त्याच संध्याकाळी ती गेली. फोटोत तिचा चेहरा स्वच्छ आलाय. पुढे केलेला हात तेवढा धूसर आहे. तो नऊ फुटांच्या आत आला होता.