निर्जरा

"डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची झीज झाली आहे. मी म्हटले, होऊ द्या! नाणे झिजले तर मोल जाते; पण चंदन झिजले तर गंध सुटतो, सुरी झिजली तर धार येते, आणि कर्म झिजले तर त्यालाच आपण निर्जरा म्हणतो. मोक्षाची वाट झिजण्यातूनच जाते."

बोरगावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासासाठी आलेल्या मुनिमहाराजांसमोर निवृत्त शिक्षक श्रीपाल मास्तर बोलत होते. सभा माना डोलवीत होती.

गुडघा मास्तरांचा नव्हता. तो स्त्रियांच्या बाजूला भिंतीला टेकून बसलेल्या त्यांच्या पत्नीचा, राजमतीचा होता.

काही वर्षांपूर्वी मास्तरांनी आजन्म नियम घेतला होता: अन्नपाणी केवळ पत्नीच्या हातचे. विहिरीचे पाणी तिनेच शेंदायचे, तिनेच गाळायचे. पीठ तिनेच जात्यावर दळायचे. सोवळ्यात चूल तिनेच पेटवायची. या त्यागाची कीर्ती निपाणीपर्यंत गेली होती. मुलगा अतुल एकदा काकुळतीने म्हणाला होता, "आप्पा, आईला उठवंना झालंय. सोनल करंल की सैपाक." मास्तरांनी सुनेकडे न पाहताच उत्तर दिले होते, "नियमात सोनलचे नाव नाही."

महाराजांनी विचारले, आज कोण काय सोडणार? कोणी वांगी सोडली, कोणी चहा. तेवढ्यात राजमती भिंतीच्या आधाराने उभी राहिली.

"महाराज, मला आरंभत्याग द्या. आजपासनं चूल, जातं, रहाट, जीव असंपर्यंत कशालाच हात लावणार न्हाय."

घरसंसाराची सारी कामे सोडण्याचे एवढे मोठे व्रत गावात कोणी मागितले नव्हते.

"घरच्यांची संमती आहे?" महाराजांनी विचारले.

सर्वांचे डोळे मास्तरांकडे वळले. त्यांची छाती अभिमानाने भरून आली. त्यागी पुरुषाची सहधर्मचारिणी अशीच असावयाची!

"आहे, महाराज," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

आशीर्वादासाठी महाराजांची मोरपिसांची पिंछी उठली. जयजयकाराने बस्ती दुमदुमली. शेजारचे नागेंद्र मास्तरांच्या पाया पडले. "एका घरात दोन-दोन त्यागी! लई पुण्य गाठीला बांधलंसा, मास्तर."

अतुल मात्र वडिलांच्या कानाशी वाकला. "आप्पा, आता तुमी जेवणार कुणाच्या हातचं?"

मास्तरांच्या ओठांवरचे हसू जागच्या जागी थिजले. संमती मागे घ्यावी, तर दुसऱ्याच्या व्रतात विघ्न आणल्याचे पाप. नियम मोडावा, तर याच सभेसमोर नाचक्की. पायरीवर त्यांनी पत्नीला गाठले.

"राजमती, माझ्या नियमाचे काय?"

"तुमचा तुमी पाळा की," ती म्हणाली. "मी कुठं आड येतीय?"

दुपारी सोनलने सासूला खुर्चीवर बसवून गिरणीच्या पिठाची भाकरी वाढली. समोर मास्तर कोरडा तांब्या घेऊन बसले होते. घशाला कोरड पडली होती. पण मागावे कोणाकडे, हे त्यांना कळेना. राजमती सावकाश जेवली. मग सुनेकडे वळून तिने आणखी एक भाकरी मागून घेतली.