तळघरातला स्क्रू

माडीवरच्या रोझाच्या खोलीतला, वाफेवर खोली तापवणारा रेडिएटर गार पडला, की सॅल तळघरात जाऊन बॉयलरवरच्या दाब ठरवणाऱ्या डबीचा स्क्रू पिळायचा आणि वाफेचा दाब वाढवायचा. खोली गार ती गारच. "तुझ्या बहिणीचं रक्तच थंड आहे, कॉनी. रविवारपर्यंत खोली तापली नाही, तर रोझाला वृद्धाश्रमात ठेवून येऊ," असं बायकोला बजावून तो कामावर गेला.

कॉनीने त्याच सकाळी मेकॅनिक बोलावला. डेलरॉयने रेडिएटरची चिमुकली झडप काढून दाखवली. तिच्या भोकावर चंदेरी रंग थापलेला होता.

"आतली हवा बाहेर पडली तर वाफ आत शिरणार ना, मॅडम! दाब वाढवून काय होतंय? रंगवला कुणी हा?"

"दुसरं कोण? मोठ्या हौसेने, दोन हात दिलेत."

डेलरॉयने नवी झडप लावली, दाबाची नवी डबी बॉयलरच्या मागे बसवली आणि दाब अगदी कमी ठेवला. तासाभरात रोझाने अंगावरची शाल काढली.

संध्याकाळी सॅलने रेडिएटरला हात लावला, चटका बसला, तशी त्याची छाती फुगली. "बघितलंस? सकाळी जाताना आणखी एक पीळ दिला होता. वाफेला धाक लागतो, धाक!" आणि लगेच आणखी एक पीळ द्यायला तो तळघरात उतरला.



"जुनी डबी काढून टाकू ना?" असं डेलरॉयने जाताना विचारलं होतं, तेव्हा कॉनी म्हणाली होती, "नुसत्या वायरी काढ. त्यालाही पिळायला काहीतरी हवंच ना!"