सत्तर वॅट

आमच्या तेल्हाऱ्याच्या घरावर सोलर बसलं आणि त्याचं मोबाईलवरचं ॲप माझ्या ताब्यात आलं. नववीतली पोरगी अख्ख्या घराचा करंट सांभाळते म्हटल्यावर मिजास तर असणारच! पण आई अंगणवाडीत, मी शाळेत आणि बाबा डबा घेऊन कापसाच्या जिनिंगवर कामाला गेले, की कुलूपबंद घर रोज अकरा ते पाच सत्तर वॅट जादा खर्च दाखवायचं. मी फ्रीजची पिन काढून पाहिली, मीटरचा सेन्सर काढून पुन्हा बसवला, तरी आकडा हलेना.

"बाबा, कंपनीचा माणूस बोलावते मी."

"काहून बोलावतं वं त्याले? मीटर खोटं बोलून राहिलं. सोड तो नाद."

आज शाळा लवकर सुटली. वाटेत जिनिंगच्या फाटकाला कुलूप दिसलं. चौकीदार म्हणाला, "यंदा कापूसच नाही, पोरी. महिना झाला बंद पडून." घरी आले, पुढे कुलूप होतं, पण मागचं दार नुसतं लोटलेलं दिसलं. मागच्या खिडकीतून पाहिलं. आत पंखा फिरत होता आणि त्याखाली बाबा एकटेच डबा खात बसले होते. मी आवाज न करता मैत्रिणीकडे निघून गेले.

संध्याकाळी बाबा रिकामा डबा घेऊन दारातून आले. "लई काम होतं आज," म्हणाले.

 

मी त्यांना पाणी दिलं. "बाबा, तुमचंच खरं होतं. मीटरच खोटं बोलून राहिलं."