सतरा नंबरची कथा

"सतरा नंबरच्या कथेला दहापैकी तीन गुण कोणी दिले?" निवड समितीचे अध्यक्ष निमखेडकर सरांनी बैठकीत विचारलं.

"मी, सर."

विद्यापीठाच्या वार्षिक अंकात प्राध्यापकही लिहितात, आणि उत्कृष्ट कथेचं पारितोषिक सलग चार वर्षं सरांनाच मिळालं होतं. यंदा नावं झाकून कथा तपासू, असं मी, पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थिनीने, सुचवलं होतं. आता नावांची पाकिटं उघडली, तर सतरा नंबर त्यांचाच निघाला.

"आकडा चुकून पडला म्हण," शेजारचा विद्यार्थी संपादक कुजबुजला.

मी कथा पुढ्यात ओढली. "बाप स्टेशनवरून परत फिरतो, तिथे कथा संपते, सर. पुढची दोन पानं तो किती दुःखी आहे हेच सांगतात. ते आम्हाला आधीच कळलेलं असतं."

सरांनी ती पानं सावकाश वाचली. मग पिन काढून ती बाजूला केली आणि उरलेली कथा माझ्याकडे सरकवली.

"आता किती?"

"आठ. पण बारा नंबरला नऊ आहेत."

सरांनी पारितोषिकाच्या रकान्यात बारा लिहून सही केली. "माझी छापा, पण एवढीच," ते म्हणाले. "आणि ती बारावी द्या इकडे. बघू तरी, नऊ कसे पडतात."