जहाजावरची चव

"हे ते नव्हे," बाबा म्हणाले आणि त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला.

लेकीने सुस्कारा सोडला. मागच्या रविवारीही हे ते नव्हतं. रंग तिने अगदी नेमका पकडला होता. तेवढं तिच्या हातचं होतं. दातांच्या लॅबमध्ये ती कॅप बनवायची, शेजारच्या खऱ्या दाताशी खोट्या दाताची छटा जुळवायची, आणि तिने जुळवलेला दात भल्याभल्यांना ओळखू येत नसे. इथे मात्र अननसाचा रस, नारळाचं दूध, लिंबू, निळं सिरप, पांढरी रम, सगळं जिथल्या तिथे असूनही गाडं चवीपाशी अडत होतं.

"काय कमी आहे?"

"कमी काही नाही. जरा जळजळतंय. ते कसं घशाखाली सरळ उतरायचं."

"म्हणजे आपली रमच साधी पडली. जहाजावर भारीतली वापरत असणार."

बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग खिडकीबाहेर बघितलं. "असेल," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी भारीतली रम आली. तीही जळजळली.

बाबांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना दोन माणसांची जहाजाची सहल दिली. आई हयात नव्हती, म्हणून लेकीला नेलं. तेही "येतेस का?" एवढंच विचारून. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी परत आल्यापासून बापलेकीत तेवढंच बोलणं उरलं होतं: दूध आलं का, किल्ली कुठे आहे, गॅस बंद केलास का. बॅग घेऊन ती दारात उभी राहिली त्या दिवशी बाबांनी बॅग आत नेऊन ठेवली आणि "जेवलीस का?" म्हणाले. मग त्या विषयाला दोघांनीही हात लावला नाही. बाबांना आपली लाज वाटते, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधून टाकली होती. घरातल्या घरात ती पाहुण्यासारखी वावरायची.

आणि मग जहाजावरची ती संध्याकाळ. बाबा स्वतः उठून बारवर गेले आणि बऱ्याच वेळाने दोन निळे ग्लास घेऊन आले. डेक चांगलाच हलत होता, पण थेंबही सांडला नाही. अर्धा ग्लास संपला, तेव्हा समुद्राकडे बघत ते म्हणाले, "तू परत आलीस ते चांगलं केलंस. खरं म्हणजे मीच तुला आणायला यायला हवं होतं. फोनवर तू बोलता बोलता गप्प व्हायचीस ना, तेव्हाच मला कळलं होतं. मी भित्रा निघालो."

तिने घाईघाईने ग्लास तोंडाला लावला, म्हणजे भरून आलेले डोळे दिसायला नकोत. ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने बाबा उठून खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बाबा पुन्हा नेहमीचे. "काल जरा जास्त झाली," टोस्टला लोणी फासत ते म्हणाले. "काही बरळलो असेन तर मनावर घेऊ नकोस."

"एका ग्लासात?"

"वय झालं आता."

तेव्हापासून एकच किडा तिचं डोकं पोखरत होता. ते बाबा बोलले की दारू बोलली? सरळ विचारायची तिची छाती होत नव्हती. तोच ग्लास समोर आला, तीच चव जिभेवर आली, तर तेच शब्द पुन्हा येतील. आणि दोनदा आले तर खरे. वेडेपणाच होता तो. पण खोटा दात बेमालूम बसवणाऱ्या बाईला त्यात अशक्य असं काही वाटत नव्हतं.

बाबा मुकाट्याने प्यायचे. लिंबू वाढलं, नारळ कमी झाला, बर्फ कुटून पडला. ग्लास संपत आला की त्यांच्या पापण्या जड व्हायच्या आणि ती खुर्ची पुढे ओढून बसायची.

"बाबा, काही म्हणायचंय का?"

"हो," बाबा डोळे मिटूनच म्हणायचे. "पंखा जरा कमी कर."

एका रविवारी मात्र तिने कंटाळून सुरी खाली ठेवली. जहाजावर बारवाल्याने दोघांचा फोटो काढून तिला पाठवला होता, त्यामुळे त्याचा नंबर होताच.

"मी आता त्यालाच विचारते."

बाबा खुर्चीत ताठ झाले. "कशाला उगाच त्याला त्रास? मला हेही आवडतं. आता तर हेच जास्त आवडतं."

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला, बाबा."

ती स्वयंपाकघरात गेली. हात नारळाच्या दुधाने चिकट झाले होते, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. बारवाला सुट्टीवर घरी आला होता. निळ्या ड्रिंकचं नाव काढताच त्याला बापलेक आठवले.

"सांगतो ना. तुमचं सांगू की बाबांचं?"

"दोघांचं एकच होतं."

"दिसायला एकच, मॅडम."

बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते. फोन बंद कर, असं ते हाताने खुणावत होते. तिने तो बंद केला नाही.

"बाबांचं सांगा," ती म्हणाली.

"त्यांच्या ग्लासात नुसता रस होता, दारूचा थेंबही नाही. असं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही, म्हणून लक्षात राहिलं. म्हणाले, मुलीशी एक गोष्ट बोलायची आहे, ती शुद्धीतच बोलली पाहिजे. पण ग्लास दारूचाच दिसू दे. तिने माफ नाही केलं, तर सकाळी नशेवर ढकलता येईल."