चाळिसावी खोली

“तेहतीस गुण,” पद्मजाने बेरीज पुन्हा एकदा तपासली. “तुळजाबाई चाळिसाव्या. शेवटची खोली त्यांना.”

“आणि एकेचाळिसावा?” कानडेसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

“जयसिंग. बत्तीस.”

“त्याला दिवाळीपर्यंत थांबावं लागेल. पुढचा अर्ज.”

सन एकसष्ट. पानशेत फुटून साडेतीन आठवडे झाले होते. नारायण पेठेतल्या एका शाळेच्या वर्गांमधून अजून दीडशे कुटुंबं दिवस काढत होती. त्यांच्यासाठी पत्र्याच्या चाळीस खोल्या तयार झाल्या होत्या, आणखी साठ दिवाळीला व्हायच्या होत्या. पहिल्या चाळीस कुणाला द्यायच्या ते ठरवायला कचेरीने दोन माणसं इथे आणून बसवली. एक वरिष्ठ कारकून गोपाळकृष्ण कानडे, आणि दुसरी महिन्यापूर्वीच नोकरीला लागलेली पद्मजा.

कानडेसाहेबांनी पहिल्याच दिवशी पट्टी घेऊन चार रकाने आखले. प्रत्येक रकान्यात पाचपैकी गुण द्यायचे. पण सगळे रकाने सारख्या वजनाचे नव्हते. घर किती गेलं, त्या गुणांना चारने गुणायचं. घरात कुणी आजारी असेल, त्याला तीनने. लहान मुलं आणि म्हातारी माणसं, दोनने. आसरा देणारं कुणी नसलं तर एकाने. बेरीज जास्त, त्याची निकड जास्त. दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : ‘ओळख सांगू नये. ओळखीला गुण नाहीत.’

सरुबाई वाहून गेलेल्या म्हशीसाठी रडू लागली तेव्हा ते म्हणाले होते, “म्हशीचा रकाना नाही.” आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला होता.

पद्मजाचा जीव तुटायचा. तिचं घर उंचावर, पाणी पायरीला लागून परतलं होतं. कुणी समोर बसून बोलायला लागलं की दोन गुण जास्त द्यावेत असं तिला वाटायचं. साहेब मात्र सकाळी साडेसातला ती यायच्या आत खुर्चीत. केस ओले, अंगात रोजचाच पांढरा सदरा, कॉलर किंचित दमट. ‘माणूस नाही, गणिताचं पुस्तक आहे,’ तिने आईला सांगितलं होतं.

एकदा हिंदुराव नावाचे पुढारी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. साहेबांनी पुडा आला तसा परत केला.

“चार पेढे घेतले असते तर काय बिघडलं असतं?” ते गेल्यावर पद्मजाने विचारलं.

“वजनं कुणी ठरवली?”

“तुम्ही.”

“मग मला त्यातून काही मिळता कामा नये. पेढासुद्धा नाही.”

आज शेवटचा दिवस. जयसिंगचं नाव एका गुणाने गेलं आणि तिला राहवेना.

“साहेब, तुमचं बरं आहे. संध्याकाळी घरी जाऊन गरम वरणभात जेवलं की झालं. एक गुण म्हणजे काय, ते या लोकांना विचारा.”

साहेबांची लेखणी क्षणभर थांबली.

“पुढचा अर्ज,” ते म्हणाले.

तीन वाजता ते यादीसाठी शिक्का आणायला मुख्य कचेरीत गेले. अर्ज चारपर्यंत घ्यायचे, पाचला यादी लावायची. साडेतीनला तुळजाबाई दारात उभी राहिली.

“बाई, अर्ज घ्येता न्हवं अजून?”

“तुमचा झालाय की! खोली मिळतेय तुम्हाला.”

तुळजाबाईने डोळे मिटून हात जोडले. मग पुढे येऊन टेबलाशी बसली. “माझा न्हाई. दुसऱ्याचा लिवायचाय.”

“त्यांना येऊ दे ना.”

“यायचे न्हाईत त्ये. आन् नाव मागनं सांगते. आधी सांगितलं तर लिवायच्या न्हाई तुमी.”

पद्मजाला हसू आलं. तिने कोरा अर्ज ओढला. “घर?”

“नदीच्या अंगाला व्हतं. जोतंबी ऱ्हायलं न्हाई.”

पाच चोक वीस. “आजारी कुणी?”

“आई. पळताना मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात खाटंवर हाय. नातीला दाखवाया गेले तवा गाठ पडली, म्हनून तर कळलं.”

चार त्रिक बारा. “मुलं?”

“दोन. बायकूसंगं वाईला धाडलीत, मामाच्या पडवीत.”

मुलं आणि आजी मिळून तीन गुण. तीन दुणे सहा. मामाचा आसरा होता, तिथे एकच.

“एकोणचाळीस,” पद्मजा पुटपुटली. “हा माणूस राहतो कुठे?”

“आमच्याच वर्गात. फळ्याखाली निजत्यात.”

पद्मजाने यादीवरून बोट फिरवलं आणि ते बोट तळाशी जाऊन थांबलं. “तुळजाबाई, हा अर्ज धरला तर पाचवा लागेल. खोल्या चाळीसच आहेत. तुमची जाईल.”

“ठावं हाय.”

“मग?”

“माझी नातवंडं निजत्यात, वर्ग कोरडा हाय. दिवाळीला पयली खोली माझीच न्हवं का? पर त्येंच्या आईला दवाखान्यातनं सोडलं, तर मोडक्या पायाची म्हातारी न्यायची कुटं?”

पद्मजाने नवा कागद घेतला, वर ‘दिवाळीची यादी’ असं लिहिलं आणि खाली पहिलं नाव ठसठशीत अक्षरात घातलं : तुळजाबाई. मग अर्ज पुन्हा पुढ्यात ओढून टाक दौतीत बुडवला.

“आता सांगा नाव.”

तुळजाबाईने दाराकडे वळून पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं.

“पुरं नाव ठावं न्हाई, बाई. आमी त्यास्नी सायबच म्हनतो,” ती हळूच म्हणाली, आणि तिने टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.